खाते निवडा

उम्म-अल-कुवैनच्या खाडीकडे पाठ करून
ही काचेची इमारत उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधी
सगळं सरकार एका खोलीत मावायचं.
एक टेबल, दोन खुर्च्या, एक हिरवी पत्र्याची पेटी
आणि पेटीवर बसलेला मी,
लतीफ पेवेकर, राहणार बाणकोट,
टायपिंग चाळीसचं; अरबी मदरशातली,
वाचता यायची, कळायची नाही.

पहिल्याच सकाळी ओबैद बिन खल्फान म्हणाले, "दफ्तर."
मी दप्तर आणून ठेवलं.
हुकूम, तारीख, मुदत, हिशेब
मंडणगडच्या कचेरीत मी पाहिले होते,
तिथं ते बदलीवर आलेले. इथं त्यांचं घर.
फक्त मामलेदार कुठं दिसला नाही.
इथं नुसता मामला,
काखेत धरून माणूस ज्याच्यासह दारोदार फिरतो
ती कागदांची चळत.

बारनिशी एकच.
ते उजवीकडून लिहीत यायचे, मी डावीकडून,
मधल्या पानावर आमची गाठ पडायची.
त्यात विहिरी होत्या, होड्यांचे परवाने,
खजुराच्या बागेची हद्द, हरवलेली उंटीण,
एका शिक्षकाला हवा असलेला खडू.

मग खाती निघाली.
भाऊ वेगळे निघतात तशी, आपापली चूल घेऊन.
पाणी आधी गेलं, जाताना टाइपरायटर घेऊन गेलं.
जमिनीनं नकाशा नेला आणि एकुलता एक पंखा.
नगरपालिकेकडे राहिली मेलेली कुत्री आणि भाजीचे गाळे.
बंदर म्हणालं धक्का आमचा, मासळी म्हणाली मासे आमचे,
आणि धक्क्यावर पडलेले मासे
दोन वर्षं पत्रव्यवहारात सडले.

खात्याला इथं 'दायरा' म्हणतात.
वर्तुळालाही तोच शब्द.
रेघेच्या आत असाल तर कागद आमचा,
बोटभर बाहेर असाल तर पलीकडची खिडकी, उद्या या.
नावं जुळली, फुटली, पुन्हा जुळली;
रद्द झालेल्या लेटरहेडांच्या पाठीवर
मी पंधरा वर्षं चहाचा हिशेब लिहिला.

आता स्कॅनर आलाय.
शम्सा, चोवीस वर्षांची, जुने कागद भराभर काचेवर ठेवते
आणि अडली की माझ्याकडे बघते.
आज अडली ती मोझा बिन्त सालेमच्या अर्जावर.
अर्धं पान, बोरूची शाई, खाली अंगठा.

'घरात पाणी नाही. बकरी व्यायची आहे.
मुलगा समुद्रातून आला नाही, त्याचं नाव कुठं लिहायचं?
भिंत शेजाऱ्याच्या बाजूला कलली आहे.
रात्री अंधार असतो.'

पडद्यावर चौकोन उघडतो: खाते निवडा.
पाणी, पशुधन, बंदर, नोंदणी, बांधकाम, वीज.
एकच निवडायचं. दोन निवडले तर लाल होतं.

"चाचा, ही कुणाची?"

मी चष्मा पुसतो. उगाचच, तो स्वच्छ असतो.
"हिला पाणी मिळालं होतं का?" ती विचारते,
जावक शोधते, जावक नाही.

मिळालं होतं. गुरुवारी.
मुराद बख्श टँकर घेऊन गेला, मी बाजूला बसलो होतो,
मागं चार बांबू भिंतीसाठी, एक कंदील, एक पेंढी.
मुलाचं नाव ओबैदनी बारनिशीतच लिहिलं,
त्या मधल्या पानावर. तेवढा वेळ पेन थांबलं,
नंतर मला म्हणाले, "तूही लिही, तुझ्या बाजूनं."
मी देवनागरीत लिहिलं.
त्या दिवशी त्याहून वेगळं खातं नव्हतं आमच्याकडे.

ती बारनिशी कुठल्या चुलीबरोबर गेली
कुणालाच माहीत नाही. मी पेटीत पाहिलं, दोनदा.

चौकोन अजून उघडाच.
शम्साचं बोट 'पाणी'वर जातं, 'नोंदणी'वर येतं.
"मुलाचं नाव काय होतं?"

मी सांगतो.
ती ते पेन्सिलनं अर्जाच्या कोपऱ्यात लिहिते,
आणि तेवढ्यात, फार वेळ हालचाल नाही म्हणून,
यंत्र आम्हा दोघांना बाहेर काढतं.